साडेतीन हजार फूट

"हात वर न्यायचे नाहीत," वळवी मॅडम म्हणाल्या. "विमानातून निघाल्यापासून मी सांगेपर्यंत दोन्ही हात छातीवरच्या पट्ट्यांवर. छत्री उघडताना हिसका बसतो. एसटीत ब्रेक लागला की आपण दांडा धरतो ना, तसं वर काहीतरी धरावंसं वाटतं. पण वर जे हाताला लागेल तो दांडा नसतो. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं ते सांगा ताई."

"हात वर न्यायचे नाहीत."

म्हटलं खरं, पण माझं लक्ष तिथे नव्हतंच. शेडच्या पलीकडे कडुनिंबाखाली सुजय जुईला कडेवर घेऊन उभा होता आणि तिची टोपी एका कानावर घसरली होती. अकरा महिन्यांच्या पोरीच्या टाळूवर ऊन येत होतं. मी लांबूनच खूण केली, त्याला दिसली नाही. एमएस्सी झालेल्या बाईला एकच वाक्य दोनदा कशाला म्हणायला लावतात, असंही मनात येऊन गेलं.

तापीच्या खोऱ्यातली ती जुनी धावपट्टी. हिवाळ्यात तिथे उड्यांचं शिबिर लागायचं. लग्नाआधी एका गडावर बसून मी सुजयला म्हटलं होतं की एकदा तरी आभाळातून उडी मारायची आहे. ते त्याने लक्षात ठेवलं. "तू परत पहिल्यासारखी हसायला हवीस मुग्धा," असं म्हणून त्याने नाव नोंदवलं. घरात सगळ्यांना तेच वाटत होतं. हिला जरा बदल हवा. सासूबाई म्हणाल्या, जाऊन ये. आई फोनवर म्हणाली, जाऊन ये. मी गेले.

फॉर्म अन्वरभाईंनी आणून दिला. छत्र्या घडी करून भरण्याचं काम त्यांचं. पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला माणूस. हृदयाचा आजार, नाही. पाठीचं दुखणं, नाही. फिट येते का, नाही. झोप पुरेशी होते का, हो. खुणा करत खाली सही केली. मॅडमनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत फॉर्मकडे पाहिलं आणि तो घडी करून खिशात ठेवला.

वळवी मॅडम धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या. कॉलेजात एनसीसीतून पहिली उडी मारली आणि मग खाली राहण्यात मन लागेना, असं त्या सांगायच्या. ठेंगणी, काटक बाई, वेणी घट्ट गुंडाळून हेल्मेटखाली कोंबलेली. माझ्या अंगावरची एकेक कडी त्या बोट लावून तपासत होत्या आणि तोंडाने बोलत होत्या. डावा खांदा, बघितला. उजवा खांदा, बघितला. मांडी, बघितली. एकदा झालं की परत पहिल्यापासून.

"किती वेळा बघता?" मी विचारलं.

"तीनदा."

"तिसऱ्यांदा कधी काही सापडलंय?"

"दोनदा," त्या म्हणाल्या.

अन्वरभाई हसले. "आमच्या मॅडम भाकरीचा डबापण तीनदा उघडून बघतात. भाकरी पळून जाईल म्हणून."

"तुम्ही जेवायला बसता ना शेजारी, म्हणून बघते," मॅडम म्हणाल्या.

निघताना मी सुजयकडे धावत जाऊन जुईची टोपी नीट केली. पाण्याची बाटली कुठे, खिमटाचा डबा कुठे, अकरा वाजता द्यायचं, गरम आहे का ते मनगटावर बघायचं, झोपली तर कुशीवर ठेवायची आणि छाती हलते का बघत राहायचं. "बघत राहीन गं," सुजय म्हणाला. "तू वीस मिनिटांत परत येणारेस."

विमान लहान होतं. बाक नाहीत, खाली बसायचं. मी पुढे, मॅडम माझ्या पाठीला मागून जोडलेल्या. दोघींच्या उडीत असंच असतं, छत्री एकच, ती शिक्षकाच्या पाठीवर, आणि प्रवासी त्यांच्या छातीला कड्यांनी अडकवलेला. दहा हजार फुटांवर दार उघडलं आणि वारा आत शिरला. खाली तापी एखाद्या नाडीसारखी पडलेली. माझे पाय दाराबाहेर होते.

"भीती वाटते?" मॅडमनी कानाशी विचारलं.

"नाही."

"थोडीसुद्धा?"

"नाही."

हिरवा दिवा लागला तरी एक क्षण त्यांनी काही केलं नाही. मग म्हणाल्या, "थोडी वाटायला हवी." आणि आम्ही निघालो.

पडण्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. खूप आवाज आणि थंडी. पोटात गोळा येतो म्हणतात, तोही आला नाही. मी हात छातीवर धरले होते आणि दुरून कुणीतरी पडतंय ते बघावं तशी बघत होते.

मग छत्री उघडली.

सगळं अंग मागे खेचलं गेलं, पाय पुढे उडाले. आणि माझा डावा हात वर गेला. मी नेला नाही. पलंगाच्या कडेवरून जुई लवंडली की जसा जातो, डोळ्यांच्या आधी, तसा तो गेला. हाताला एक पिवळा फास लागला. तो मी मुठीत धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून छातीशी ओढला.

छत्री वळवायला दोन बाजूंना दोन दोऱ्या असतात. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही मिळून ओढल्या की वेग कमी होतो. दोऱ्या संपतात तिथे धरायला हे फास. मी डावी दोरी ओढून धरली होती. आभाळ तिरपं झालं, जमीन माझ्या डाव्या खांद्यावर आली आणि सगळं गरगर फिरायला लागलं.

"मुग्धा," मॅडम म्हणाल्या. आतापर्यंत ताई म्हणत होत्या. "डावा हात बघ तुझा."

मी पाहिला.

"मूठ उघड."

त्या ओरडल्या असत्या तर मी आणखी घट्ट धरलं असतं, हे मला आजही खात्रीने वाटतं. त्यांनी चहात साखर किती विचारावं तसं म्हटलं. मी मूठ उघडली. फास सटकन वर गेला, मोकळी झालेली दोरी त्याच्यामागे उसळली, आणि वर कुठेतरी टक् असा बारीक आवाज झाला.

फिरणं थांबलं नाही.

"अडकली," मॅडम स्वतःशीच बोलल्या. मग मला म्हणाल्या, "ऐक. डावी दोरी वर ज्या कडीतून जाते तिथे गाठ बसलीय. ती ओढलेलीच राहिलीय, म्हणून आपण फिरतोय. मी उजवी ओढून बरोबरी करते." त्यांचा उजवा हात माझ्या कानाजवळून खाली आला. फिरणं हळू झालं, मग थांबलं. आम्ही सरळ झालो, पण छत्री आता फडफडत होती, जड, कशीतरी तोललेली.

"असंच उतरायचं?" मी विचारलं.

"नाही. असं धरून ठेवलं तर खाली गेल्यावर ब्रेक लावायला दोरीच उरत नाही. आणि माझा हात सुटला तर परत फिरणार. म्हणून आधी गाठ सुटते का बघते. माझे दोन्ही हात वर गुंतणार. मला घड्याळ दिसत नाही. तुझ्या मनगटावर आहे ते वाच."

माझ्या डाव्या मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ बांधलेलं होतं. बांधताना मी त्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"पाच हजार," मी म्हटलं. "थोडं कमी."

"दर शंभर फुटाला सांगायचं. चुकायचं नाही. सकाळपासून बघतेय, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. पोरीच्या टोपीवरनं खुणा केल्यास, धावत गेलीस. आता फक्त घड्याळ."

"चार हजार आठशे."

"साडेतीन हजारला गाठ सुटली नसेल तर ही छत्री सोडून द्यायची. लाल मूठ ओढली की ही निघून जाते, चंदेरी ओढली की माझ्याच पाठीवरची राखीव छत्री उघडते. मधे थोडा वेळ पडल्यासारखं होईल. आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा नवीन वाटणार नाही. हात कुठे?"

"छातीवर. चार हजार सातशे."

त्या उजवी दोरी सोडायच्या, ओढायच्या, परत सोडायच्या. प्रत्येक वेळी आम्ही एका बाजूला घसरून परत सरळ व्हायचो. मग त्यांनी डाव्या हाताने खांद्यावरचा मागचा पट्टा धरून झटके दिले. मला त्यांचा श्वास मानेवर लागत होता, एका लयीत, नाकाने आत, तोंडाने बाहेर. जात्यावर बसलेल्या बाईचा असतो तसा. घाई नाही.

"चार हजार तीनशे."

"उजव्या कुशीला काय दिसतं तुला? मोकळं रान आहे का?"

"कापसाचं शेत. वेचणी झालेली दिसते. पलीकडे बाभळी. तारा नाहीत."

"तारा नाहीत, नक्की?"

मी परत पाहिलं. "नाहीत. चार हजार दोनशे."

"छान."

खाली कडुनिंब हिरव्या ठिपक्याएवढा होता. त्याखाली जुई असणार. अकरा वाजले असतील का, खिमट गरम असेल, सुजय मनगटावर बघेल ना. हे सगळं डोक्यात होतं आणि त्याच्या खाली, कितीतरी दिवसांनी, एक साधी गोष्ट होती. मला तिथे जायचं होतं. मला खाली जाऊन माझ्या हाताने ते खिमट भरवायचं होतं. मी पट्टे आणखी घट्ट धरले.

"भीती वाटते?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"बरं झालं. आकडा?"

"तीन हजार नऊशे."

तेव्हा मी मान वर केली. करायला नको होती, पण केली. गाठ मला दिसली, कडीच्या तोंडाशी बोराएवढी. मॅडमनी झटका दिला तशी ती हलली. खाली सरकली. पुढच्या झटक्याला आणखी सरकली.

"सुटतेय," मी म्हटलं. "मॅडम, सुटतेय ती."

"आकडा."

"तीन हजार सातशे. सुटतेय, मला दिसतंय."

आणखी एक झटका. दोरीचा एक पदर मोकळा झाल्यासारखा लोंबला.

"तीन हजार सहाशे. अजून दोनदा करा. दोनदा केलं की सुटेल. खरंच सुटेल."

झटका.

"आकडा, मुग्धा."

मला तो आकडा म्हणायचा नव्हता. मी पुढच्या खुणेपर्यंत काटा जाऊ देऊन मग सांगणार होते. हे कबूल करायला आजही लाज वाटते. पण त्यांनी फक्त माझ्या शब्दावर विसंबून दोन्ही हात वर ठेवले होते.

"तीन हजार पाचशे," मी म्हटलं.

झटका थांबला. "झालं," मॅडम म्हणाल्या. "सोडतेय."

"पण ती सुटतेय."

"साडेतीन म्हणजे साडेतीन. हात?"

"छातीवर."

"पाय मागे, मान वर. सोडली."

खालची जमीन आमच्याकडे आली. छत्री गेली, आवाज गेला, आणि ह्या वेळी पोटात गोळा आला, सगळाच्या सगळा. माझे हात वर जायला निघाले. मी ते पट्ट्यांत बोटं रुतवून धरले. एक नख मुळापासून मोडलं, ते संध्याकाळी कळलं.

मग परत हिसका, आणि शांतता.

डोक्यावर पांढरी छत्री होती. मला वाटलं संपलं. मॅडमचं संपलं नव्हतं. "चौकोनी आहे, बघितलं," त्या बोलत होत्या. "दोऱ्या मोकळ्या, बघितलं. डावीकडे वळते." आम्ही डावीकडे वळलो. "उजवीकडे वळते. थांबते का?" दोन्ही दोऱ्या खाली आल्या, वारा कमी झाला. "थांबते. आता ठीक."

"उघडलीय ना पण," मी म्हटलं.

"उघडली म्हणजे झालं असं नसतं. ती मघाचीपण उघडलीच होती. दिसायला छान होती. वळते का, थांबते का, ते हात लावून बघावं लागतं."

कापसाच्या पऱ्हाट्यांत आम्ही बसल्या बसल्या घसरत उतरलो. मॅडमनी कड्या सोडल्या, मला पाठीवर आडवं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत दाबून पाहिलं. डावा खांदा, उजवा खांदा. ह्या वेळीही तीनदा.

सुजय बांधावरून धावत आला. जुई कडेवर, टोपी कुठेतरी पडलेली. त्याचा चेहरा पांढरा होता. खालून त्यांनी एक छत्री सुटून जाताना पाहिली होती. मी जुईला घेतलं आणि तिच्या मानेत तोंड घातलं, ती माझे केस ओढत राहिली.

अर्ध्या तासाने अन्वरभाई बाभळीवरून पहिली छत्री काढून घेऊन आले. डावी दोरी त्यांनी वेगळी धरली होती. "मॅडम, बघा," ते म्हणाले. "लग्नगाठसुद्धा इतकी पक्की नसते."

ती गाठ मी हातात घेतली. जो पदर मला सुटताना दिसला होता तो सुटलेला नव्हता. प्रत्येक झटक्याला तो दुसऱ्या पदरात आणखी आत गेला होता. गाठ सरकत होती कारण ती आवळत होती. अन्वरभाईंना ती शेवटी कात्रीने कापावी लागली.

"मी तुम्हाला सुटतेय म्हणत होते," मी मॅडमना म्हटलं.

"खालून तसंच दिसतं. म्हणून तर आकडा आधी ठरवलेला असतो. वर गेल्यावर मन लबाडी करतं, अजून एकदा, अजून एकदा. माझंही करतं."

जीपच्या बॉनेटवर वही ठेवून त्या लिहायला बसल्या. मी त्यांच्याशेजारी उभी राहिले. हात मी वर नेला. त्यांनी सांगितलं होतं, माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं, आणि मी टोपी बघत होते. शेवटी म्हटलं, "माझी चूक लिहा."

"लिहिलीय," त्या म्हणाल्या आणि वही माझ्याकडे फिरवली.

एका ओळीत होतं, प्रवाशाने उघडताना डावा फास ओढला. त्याखाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. प्रवासी दारात म्हणाली, भीती वाटत नाही. लहान बाळाची आई. फॉर्मवर झोप पुरेशी लिहिली, डोळे तसं सांगत नव्हते. मला शंका आली होती. परत विचारलं नाही. विमान खाली न्यायला हवं होतं. चूक माझी. आणि सही, शकुंतला वळवी.

"किती झोपतेस?" त्यांनी विचारलं.

"बरी झोपते."

त्या पेन हातात धरून थांबल्या. सुजय जुईला घेऊन थोडा लांब होता. अन्वरभाई दोऱ्या गुंडाळत होते. त्यांनी परत विचारलं, त्याच आवाजात. "किती झोपतेस?"

"दीड तास," मी म्हटलं. "सलग नाही. तिचा श्वास बघत बसते. ती झोपते, मला येत नाही. आणि कधी कधी वाटतं..." पुढचं मी त्यांना सांगितलं. ते इथे लिहीत नाही. दारात पाय बाहेर सोडून बसल्यावर भीती का वाटली नाही, एवढंच ते होतं.

त्यांनी धक्का बसल्याचं दाखवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हात चुकीच्या जागी गेला तुझा. पण धरायला गेला. ते मी बघितलंय." आणि सुजयला हाक मारून, वर ज्या आवाजात बोलत होत्या त्याच आवाजात सांगितलं, "दादा, उद्या हिला डॉक्टरकडे न्यायचं. बाळाच्या नाही, हिच्या. झोपेचं, मनाचं, सगळं हीच सांगेल. परवा नाही, उद्या. मी फोन करून विचारणार आहे."

सुजय माझ्याकडे वळला. "तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच, "मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. नंतर दर गुरुवारी येत राहिला, जवळजवळ वर्षभर. औषधं चालू होती, आई येऊन राहिली होती, रात्री जुईला सुजय सांभाळायला शिकला होता. फोन दोन मिनिटांचा असायचा. "झोपलीस?" मी हो म्हणायचे. मग परत, "झोपलीस?" दुसऱ्यांदा मी खरं सांगायचे. पाचव्या की सहाव्या महिन्यात एकदा पहिलंच हो खरं निघालं, तर म्हणाल्या, "आवाजावरनं कळलं. तरी विचारते." आणि परत विचारलंच.

जुई आता सहा वर्षांची आहे. मी अजूनही काळजी करणारीच बाई आहे. झाकणं, गॅस, कड्या, सगळं दोनदा बघते. फक्त आता कुणाच्या घरी बारशाला गेले की पाळण्यापाशी फार वेळ थांबत नाही. पाळण्यापाशी गर्दी असतेच. मी आतल्या खोलीत बाळंतिणीपाशी जाते.

तुमच्या घरात, जिन्यात, ऑफिसात कुणीतरी नुकतीच बाळंतीण झालेली असेल. दिसायला छान असेल, साडी नेसून पाहुण्यांना चहा देत असेल. आज तिच्याकडे जा. बाळ बघून झालं की तिच्याजवळ बसा आणि विचारा, झोपतेस का. ती हो म्हणेल. तेव्हा उठू नका. परत विचारा.